उशीला खिळलेले डोके आणि ग्रहांमधून फिरणारे मन

१६४८ साली हेस्टर पल्टर ही इंग्लिश कवयित्री आपल्या पंधराव्या बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली होती. अशक्तपणा इतका, की दहा दिवस आणि दहा रात्री डोके उशीवरून तसूभरही हलले नाही, असे तिने त्या वेळच्या कवितेच्या लांबलचक शीर्षकातच नोंदवले आहे आणि देवाने आपल्याला वाचवले ते त्याच्या दयेचे गुणगान करण्यासाठीच, असेही तिथेच म्हटले आहे. कविता मात्र त्या खोलीत थांबत नाही. शरीर जागचे हलत नाही म्हणून ती विचारांना मोकळे सोडते आणि ते मृत्यूच्या व रात्रीच्या सावटापलीकडे, एकेका ग्रहाला भेट देत निघतात.

मला ही कविता पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते, कारण तिच्यातले खगोलशास्त्र भक्तीला जोडलेली नक्षी नाही. गॅलिलिओने १६१० साली चंद्रावरचे डोंगर आणि गुरूचे चार उपग्रह जगापुढे मांडले होते. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरणारी, हे नवे चित्र हेस्टरने आपलेसे केले होते. पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानावरून ढळली म्हणून तिची श्रद्धा डळमळली नाही. उलट, ज्या ईश्वराची निर्मिती इतकी अफाट आहे, त्याच्या हातून आपला देह निसटणार नाही, असा भरवसा तिला याच आकाशाने दिला, असे मला वाटते. मृत्यू म्हणजे देहाचे विघटन, त्याची माती होणे, आणि त्या मातीतूनच पुढे पुनरुत्थान, हा विचार तिच्या कवितांमध्ये वारंवार येतो. तिच्या १५ अपत्यांपैकी केवळ दोघेच तिच्या पश्चात उरले, हे ध्यानात घेतले की या विचाराला केवळ तत्त्वचर्चा म्हणवत नाही.

हार्टफर्डशायरमधील ब्रॉडफील्ड या घरी राहून तिने सुमारे १२० कविता लिहिल्या. स्वतःसाठी तिने ‘हदस्सा’ हे नाव घेतले होते. बायबलमधील एस्तेर राणीचे, म्हणजे तिच्या स्वतःच्याच नावाचे, ते हिब्रू रूप. १६७८ साली ती वारली, तोवर यातले काही छापले गेले नव्हते. तिचे हस्तलिखित लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होते आणि अभ्यासकांचे लक्ष त्याकडे गेले ते थेट १९९६ साली.