पाच सेंटिमीटर जास्त

पेट्रोल पंप असो, सोसायटीचं पार्किंग असो की मामेभावाचं लग्न, माझी जुनी पोलो दिसली की प्रश्न ठरलेला: "नवीन पोलो आपल्याकडे का नाही हो आली?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. नडली ती लांबी.

१९७५ साली फोक्सवॅगनने पोलो आणली, ती खरं तर ऑडी ५०च होती, दागिने उतरवलेली. साडेतीन मीटर लांब, ८९५ सीसी, ४० अश्वशक्ती. १९८१ची दुसरी पिढी मागून एकदम उभी, टपासारखी. तिचं इंजिन १९९० साली पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीत बसलं, हे मला फार गमतीचं वाटतं. १९९४ला तिसरी आली आणि पोलोला पहिल्यांदा मागचे दरवाजे मिळाले. याच पिढीतली हार्लेकिन बघाच कधी. लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, बंपर कारखान्यातच आपसात बदललेले, आणि आपल्या वाट्याला कोणती गोधडी येणार ते गिऱ्हाइकाला आधी कळायचंही नाही! चौथीचे गोल डोळे मला कधीच आवडले नाहीत, सोडून देऊ.

पाचवी आपली, चाकणची. युरोपात ती २००९ला आली, आपल्याकडे २०१०ला. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसणारा माणूस सवयीने दार धाडकन आपटतो. 'ठप्प' असा जड आवाज येतो, तो जरा ओशाळतो आणि उतरताना बोटांनी हलकेच लोटतो. तेवढ्यानेही लागतं.

मग २०१७ची सहावी. लांबी ४०५३ मिलिमीटर, म्हणजे पोलोची थोरली बहीण गोल्फ, तिच्या १९९१च्या अवतारापेक्षाही मोठी! धाकटी बहीण थोरलीच्या कपड्यांत मावेना. आपल्याकडे २००६पासून छोट्या गाडीच्या कराची सवलत चार मीटरच्या आतच. त्या पाच सेंटिमीटरपायी हॅचबॅकला मोठ्या गाडीचा कर भरून घेणार कोण? म्हणून युरोपात पाचवी निवृत्त झाली तरी चाकणला ती २०२२पर्यंत राबत राहिली.

त्याच वर्षी चाकणहून व्हर्टस निघाली, सहाव्या पोलोच्याच कुळातली, साडेचार मीटरची सेडान. चार मीटर ओलांडायचेच, तर मग पुरते ओलांडले. म्हणजे नवीन पोलो आली की हो, डिकी लावून.