एस्कडेलम्यूर: अणुस्फोटांची चाहूल घेणारे खोरे

लॉकरबीच्या स्थानकावर आम्ही उतरलो तेव्हा वारा इतका सुटला होता की गाडीत बसण्याआधीच सरांनी सांगून टाकले, "आज इथल्या यंत्रांना फारसे काही ऐकू येणार नाही." सरांनी आयुष्यभर भूभौतिकी शिकवली आणि उमेदीच्या काळात काही वर्षे रोज भूकंपलेख वाचण्याचे काम केले. दक्षिण स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर या आडबाजूच्या खोऱ्याचे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच वर्गात ऐकले होते. जगात कुठेही जमिनीखाली अणुबॉम्ब फोडला, तर त्याची चाहूल घेणारी जी मोजकी ठिकाणे आहेत, त्यांतले हे एक जुने ठिकाण. ते एकदा डोळ्यांनी पाहावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

त्याआधी आम्ही व्हिएन्नाला जाऊन आलो होतो. डॅन्यूब नदीपलीकडे संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वक्राकार उंच इमारती उभ्या आहेत, तिथे सर्वंकष अणुचाचणी बंदी करारासाठी नेमलेल्या संघटनेचे कार्यालय आहे आणि जगभरच्या केंद्रांची माहिती तिथेच गोळा होते. या करारात एकूण ३३७ ठिकाणांचे जाळे ठरवून दिलेले आहे. त्यांपैकी १७० केंद्रे भूकंपमापनाची आहेत. ५० प्रमुख आणि १२० साहाय्यक. उरलेली केंद्रे समुद्रातला ध्वनी, हवेतले अतिमंद कंपन आणि किरणोत्सारी कण टिपतात, आणि त्यांच्या जोडीला १६ प्रयोगशाळा आहेत. करार सह्यांसाठी खुला झाला २४ सप्टेंबर १९९६ रोजी. तो अमलात येण्यासाठी ज्या ४४ देशांची संमती लागते, त्यांतल्या सगळ्यांनी ती दिलेली नाही; भारताने तर सहीच केलेली नाही. कायद्याने अजून जन्मालाही न आलेल्या कराराचे हे पहारेकरी मात्र रात्रंदिवस कामावर आहेत, याचे मला तिथे फार अप्रूप वाटले. आमच्या फेरीत विश्लेषकांची दालने नव्हती, त्यामुळे इमारती पाहून आणि मार्गदर्शिकेचे बोलणे ऐकून आम्ही बाहेर पडलो. सरांचे मन तसेही तिथे लागत नव्हते. "माहिती जिथे पोहोचते ते ठिकाण पाहिले," ते म्हणाले, "आता ती जिथून निघते तिथे जाऊ."

लॉकरबीहून निघालेला रस्ता हळूहळू अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणे, मग लागवड केलेल्या सूचिपर्णी झाडांचे काळपट हिरवे पट्टे आणि खाली व्हाइट एस्क नदी. घरे इतकी तुरळक की दोन घरांमध्ये दहा-दहा मिनिटे जावीत. हे एकाकीपण हीच इथली संपत्ती आहे, आणि माणसाने ती ओळखली अणुबॉम्बच्या कितीतरी आधी. लंडनजवळ क्यू इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेणारी वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्यांच्या प्रवाहांनी तिथल्या नाजूक चुंबकसूच्या बिथरू लागल्या. तेव्हा विजेच्या गाड्यांपासून लांब अशी जागा शोधत शोधत शास्त्रज्ञ या खोऱ्यात येऊन पोहोचले आणि १९०८ साली एस्कडेलम्यूरची वेधशाळा सुरू झाली.

रस्त्यावरून दिसणाऱ्या त्या दगडी इमारतींसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. लुई फ्राय रिचर्डसन हा गणिती १९१३ साली इथे प्रमुख म्हणून आला. हवामानाचा अंदाज आकडेमोड करून बांधता येईल, हा विचार त्याने इथल्या मुक्कामात पुढे नेला. तो क्वेकर पंथाचा, म्हणजे शस्त्र हाती न धरणारा माणूस होता. पहिले महायुद्ध पेटल्यावर १९१६ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि फ्रान्समधल्या आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या रुग्णवाहिका पथकात तो दाखल झाला. पुढे देश एकमेकांना भिऊन शस्त्रे कशी वाढवत जातात, याची समीकरणेही त्यानेच मांडली. तो गेला १९५३ साली. भूकंपमापकांची रांग या टेकड्यांवर आली त्यानंतर नऊ वर्षांनी. त्याच्या कार्यालयाच्या परिसरातच शस्त्रस्पर्धेवर पाळत ठेवणारी यंत्रे बसली, हे त्याला पाहायला मिळायला हवे होते, असे मला मनापासून वाटले.

ती रांग वेधशाळेपासून थोड्या अंतरावर, टेकड्यांमधून पसरलेली आहे. १९६२ मध्ये ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाने ती उभारली. एकमेकींना छेदणाऱ्या दोन ओळी, प्रत्येकी सुमारे नऊ किलोमीटर लांब, आणि त्यांवर ठराविक अंतराने खडकात खड्डे घेऊन बसवलेले भूकंपमापक. त्याच घडणीच्या रांगा पुढे कॅनडात यलोनाइफला, ऑस्ट्रेलियात वारामुंगाला आणि कर्नाटकात गौरीबिदनूरला उभ्या राहिल्या. पाहायला गेले तर डोळ्यांत भरेल असे काहीच नाही. वाटेवरून आम्हाला दिसला तो एक लहानसा कुंपण घातलेला चौकोन, आत गवत, गवतात शेवाळ चढलेले एक झाकण आणि बाजूला तारेचा मार्ग दाखवणारा खुंट. कुंपणाबाहेरून मी त्या झाकणाकडे पाहत राहिलो. त्याच्या मोजमापाच्या भाषेत माझे तिथे उभे राहणे, पाय बदलणे, हा सगळा गोंगाटच होता. सरांनी मला दंडाला धरून मागे घेतले.

एकच यंत्र चांगले बसवले तर पुरत नाही का, असे मी विचारले. सरांनी मातीत काठीने दोन रेघा ओढल्या, त्यांवर खडे मांडले आणि सांगितले ते असे: उत्तर कोरियातल्या पुंग्ये-री या अणुचाचणीच्या जागी स्फोट झाला, तर पृथ्वीच्या पोटातून येणारा पहिला तरंग सुमारे ८,३०० किलोमीटर ओलांडून साधारण पावणेबारा मिनिटांत इथे पोहोचतो. तो या खड्ड्यातल्या यंत्राला आधी हलवतो, पलीकडच्याला सेकंदाच्या अंशाने उशिरा. या उशिरांवरून तरंग कोणत्या दिशेने आणि किती तिरका आला ते कळते. मग प्रत्येक नोंद तेवढीच मागेपुढे सरकवून सगळ्यांची बेरीज करायची. दूरच्या स्फोटाचा संकेत सगळीकडे सारखा असल्यामुळे तो एकावर एक चढतो; वाऱ्याचा, झाडांचा, नदीचा गोंगाट मात्र प्रत्येक खड्ड्यापाशी वेगळा असतो, म्हणून तो एकमेकांत विरून जातो. वीस यंत्रे असतील तर संकेत गोंगाटाच्या तुलनेत साधारण साडेचार पट उठून दिसतो. "गर्दीत एकाच कानाने ऐकण्यापेक्षा वीस कानांनी एकाच बाजूला लक्ष द्यायचे," सर म्हणाले.

पण ऐकू आले तरी तो भूकंप की स्फोट, हे कसे ठरते? या प्रश्नावर सरांनी जे केले ते मी विसरणार नाही. आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट दाबून त्यांनी ते विरुद्ध दिशांना सरकवले. हा भूकंप: खडकाचे दोन भाग घसरतात, काही दिशांना जमीन ढकलली जाते, काहींना ओढली जाते. मग त्यांनी मूठ आवळली आणि पाचही बोटे एकदम फुलवली. हा स्फोट: सगळ्या दिशांना फक्त ढकलणे. म्हणून स्फोटाची पहिली हालचाल तत्त्वतः प्रत्येक केंद्रावर जमीन वर उचलणारी असते. शिवाय भूकंपात खडक लांबवर घसरत असल्याने पृष्ठभागावरून सावकाश येणारे लांब तरंग जोरकस असतात, तेवढ्याच ताकदीच्या स्फोटात ते दुबळे पडतात. आणि घटना दहा-वीस किलोमीटर खोल असेल तर प्रश्नच मिटतो, कारण तेवढ्या खोलीवर बॉम्ब नेऊन ठेवणे माणसाला साधलेले नाही.

हे सगळे कळायला लागलेली वर्षे मात्र फार तणावाची होती. अमेरिकेने नेवाडात १९ सप्टेंबर १९५७ रोजी रेनिअर नावाचा १.७ किलोटनांचा (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी ताकद) स्फोट पूर्णपणे जमिनीच्या पोटात केला आणि चाचण्या लपवता येतील का, हा प्रश्न उभा राहिला. पुढच्या वर्षी जिनिव्हात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही गटांचे तज्ज्ञ बसले आणि त्यांनी जमिनीवर १६० ते १७० केंद्रांचे जाळे सुचवले. पण स्फोटाआधी मोठी पोकळी खोदली तर धक्का दबून जाईल, असा आक्षेप लगेच पुढे आला. तो पोकळ नव्हता. मिसिसिपीतल्या मिठाच्या थरात १९६४ मध्ये ५.३ किलोटनांचा स्फोट केला गेला, त्याने तयार झालेल्या पोकळीतच १९६६ मध्ये दुसरा छोटा स्फोट केला, आणि त्याचा धक्का अपेक्षेपेक्षा सुमारे ७० पट क्षीण भरला. जागेवर जाऊन तपासण्या किती करू द्यायच्या यावरही एकमत होईना. १९६३ च्या करारात हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या थांबल्या, जमिनीखालच्या राहिल्या, त्याचे एक मोठे कारण हेच.

याच संशयापोटी अमेरिकेने साठच्या दशकात सुमारे ६० देशांत सव्वाशेच्या आसपास एकसारखी भूकंप केंद्रे उभारायला मदत केली. पुणे आणि शिलाँग ही त्यांतलीच. सरांचे तरुणपण त्या नोंदींत गेले. छायाचित्रणाच्या कागदाचा मोठा ताव, त्यावर मिलिमीटरच्या अंतराने धावणाऱ्या रेघा आणि हातात भिंग. मिनिटाच्या खुणेपासून तरंगाच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर मोजताना सेकंदाचा दहावा भाग डोळ्यांनी ठरवावा लागे, हे सांगताना त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात ते अंतर धरून दाखवले. ही घड्याळे आणि यंत्रे सगळीकडे सारखी असल्यामुळे जगातल्या भूकंपांचा पहिला नेमका नकाशा तयार झाला आणि भूपट्ट सरकतात या सिद्धांताला त्यातून भक्कम पुरावा मिळाला. शत्रूवर नजर ठेवण्यासाठी ओतलेल्या पैशातून पृथ्वी कशी चालते ते समजले. विज्ञानाच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी घटना हीच आहे.

चुकीचा आरोप टाळणे हेही या केंद्रांचे तितकेच मोठे काम आहे, असे सर वारंवार सांगत. १६ ऑगस्ट १९९७ रोजी रशियाच्या नोवाया झेमल्या चाचणीक्षेत्राच्या बाजूने एक लहान धक्का आला. मॉस्कोने गुपचूप चाचणी केली, अशी कुजबुज वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. नोंदी नीट तपासल्यावर ती जागा चाचणीक्षेत्रापासून शंभर किलोमीटरहून दूर, कारा समुद्राच्या तळाखाली निघाली, आणि काही तासांनी तिथेच आलेला आणखी एक छोटा धक्काही सापडला. तो भूकंप होता. उलट उत्तर कोरियाची ९ ऑक्टोबर २००६ ची पहिली चाचणी एक किलोटनाहूनही लहान असून वीसपेक्षा जास्त केंद्रांनी टिपली, तर ३ सप्टेंबर २०१७ च्या सहाव्या चाचणीची तीव्रता ६.१ भरली आणि साडेआठ मिनिटांनी त्याच जागी जमीन ढासळल्याची वेगळी नोंद मिळाली.

दुपारी टेकडीच्या माथ्यावर आलो तेव्हा वाऱ्याने उभे राहणे कठीण झाले. याच वाऱ्यावरून इथे बरीच वर्षे वाद आहे. पवनचक्की फिरते तेव्हा तिचा खांब किंचित डोलतो, ते कंपन पायातून जमिनीत उतरते आणि नेमके स्फोटांच्या संकेतांच्या पट्ट्यात किलोमीटरचे किलोमीटर पसरते. २००५ मध्ये अभ्यासानंतर असे ठरले की भोवतालच्या ५० किलोमीटरच्या वर्तुळातल्या सगळ्या पवनचक्क्या मिळून या रांगेपाशी ०.३३६ नॅनोमीटरपेक्षा जास्त कंपन होता कामा नये. खडकातला सिलिकॉनचा अणू आणि त्याला चिकटलेला ऑक्सिजनचा अणू यांच्यातल्या अंतराची ही जेमतेम दुप्पट आहे. ती मर्यादा लवकरच वाटून संपली आणि पुढचे प्रकल्प अडले. स्वच्छ वीज हवी, हे मलाही पटते, आणि खांबांची रचना सुधारून कंपन कमी करण्याचे प्रयत्न मोलाचे आहेत. तरीही वीजनिर्मितीसाठी दुसरी टेकडी शोधता येते. साठ वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी जिच्या तुलनेत वाचता येतात, अशी शांत जागा पुन्हा घडवता येत नाही, असे माझे मत आहे.

परतताना लॉकरबीत आम्ही थोडा वेळ थांबलो. २१ डिसेंबर १९८८ च्या संध्याकाळी याच गावावर विमान कोसळले आणि २७० माणसे गेली. पंखांचा भाग जमिनीवर आदळला तो क्षण एस्कडेलम्यूरच्या यंत्रांनी टिपला होता: सात वाजून तीन मिनिटे, तीव्रता १.६. स्मशानभूमीतल्या स्मारकासमोर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

रात्री मुक्कामी सरांनी संगणकावर एस्कडेलम्यूरच्या भूकंपमापकाचा त्या दिवसाचा आलेख उघडला. चोवीस तासांच्या रेघा एकाखाली एक होत्या. आम्ही टेकडीवर होतो त्या तासांच्या रेघा वाऱ्याने जाड, केसाळ झालेल्या दिसत होत्या. सरांचे बोट खाली खाली सरकत गेले. आठनंतर वारा पडला होता आणि तिथून रेघ बारीक होत होत सरळ झाली होती. खिशातले भिंग काढून ते पडद्याला लावत ते म्हणाले, "आता ऐकू येत असेल."