संगणक मंदावला तेव्हा काय काढले आणि काय ठेवले

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात मी सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा आणि निराधार योजनेचे अर्ज भरून देण्याचे छोटे सेवा केंद्र चालवतो. केंद्रात एकच संगणक आहे आणि त्यावर जवळपास साऱ्या गावाची कागदपत्रे येऊन जातात. खरीप पीक विम्याची मुदत साधारणपणे 31 जुलैला संपत असल्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रासमोर सकाळपासून रांग लागते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात हा संगणक इतका मंदावला की बटण दाबल्यापासून काम सुरू करण्याजोगा होईपर्यंत सहा मिनिटे लागू लागली. पेरणी आटोपून आणि निंदणाची बाई लावून आलेला शेतकरी एका पावतीसाठी अर्धा दिवस बसून राहतो, ही गोष्ट मला फार लागली. "भाऊ, काऊन अडकली तुमची मशीन?" या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. ते शोधताना जे समजले ते येथे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे काहीही पुसण्याआधी मोजावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्याखाली स्टोरेज उघडले की सी ड्राइव्हवरील जागा कशाने व्यापली आहे हे दिसते. माझा सी ड्राइव्ह 100 गिगाबाइटचा आहे आणि त्यात जेमतेम 1 गिगाबाइट जागा शिल्लक होती. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ड्राइव्हची पट्टी लाल दिसते. ती कितीतरी दिवस लाल होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केले होते.

भरलेली डिस्क संगणकाला का मंदावते, हे आमच्या भागातील माणसाला कापसाच्या उदाहरणाने चटकन समजते. भाव वाढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच साठवतो, आणि आढ्यापर्यंत ढीग लागला की घरातील माणसांना वावरायला, झोपायला जागा उरत नाही. विंडोजचेही तसेच आहे. मेमरी कमी पडली की ते डिस्कवरील पेज फाइलमध्ये तात्पुरता मजकूर ठेवते, अद्यतने उतरवून उलगडायला त्याला जागा लागते आणि ब्राउझरही सतत काही ना काही लिहीत असतो. जागा नसली की नव्या फाइली मिळेल त्या फटीत तुकड्यातुकड्यांनी लिहिल्या जातात, आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये ते तुकडे गोळा करण्यासाठी वाचणाऱ्या टोकाला पुन्हापुन्हा इकडून तिकडे सरकावे लागते. मात्र घरात चालण्यापुरती वाट झाली की आणखी दोन क्विंटल कापूस विकल्याने चालण्याचा वेग वाढत नाही, तसेच डिस्कवर पुरेशी जागा असताना आणखी फाइली पुसल्याने संगणक वेगवान होत नाही. फाइली पुसण्याचा खरा लाभ डिस्क काठोकाठ भरलेली असतानाच होतो, हे आधी लक्षात घेतले तर पुष्कळ व्यर्थ खटाटोप वाचतो.

माझ्याकडे सर्वांत मोठा ढीग स्कॅन केलेल्या कागदांचा निघाला, तब्बल 31 गिगाबाइट. कारण शोधले तेव्हा असे आढळले की स्कॅनर 600 डीपीआय (एका इंचात 600 ठिपके), रंगीत आणि बिटमॅप (चित्र न दाबता जसेच्या तसे साठवणारे स्वरूप) या मांडणीवर ठेवलेला होता. ए-4 आकाराचे एक पान अशा रीतीने स्कॅन केले की सुमारे 100 मेगाबाइटची फाइल तयार होते, म्हणजे एका गिगाबाइटमध्ये जेमतेम दहा पाने मावतात. तेच पान 200 डीपीआयवर घेतले तर त्याच्या नवव्या हिश्श्याएवढीच जागा घेते, आणि जेपीईजी किंवा पीडीएफ स्वरूपात ते कितीतरी लहान होते. सरकारी संकेतस्थळांवर लहान आकाराचीच फाइल चढवावी लागत असल्यामुळे मी प्रत्येक कागदाची छोटी प्रत वेगळी करत होतो आणि मूळ मोठी फाइल तशीच पडून राहत होती. त्या मोठ्या फाइली काढल्या, पण स्कॅनरची मांडणी बदलली नसती तर सगळी साफसफाई करूनही काही महिन्यांत डिस्क पुन्हा भरली असती.

दुसरा ढीग विंडोजचाच होता. विंडोजची मोठी सुधारित आवृत्ती आली की जुनी आवृत्ती 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राखून ठेवली जाते, जेणेकरून दहा दिवसांच्या आत मागे फिरता यावे. आधीच्याच आठवड्यात तसे अद्यतन झाले होते आणि माझ्याकडे त्या फोल्डरने 18 गिगाबाइट अडवले होते. नवी आवृत्ती नीट चालत असल्याची खात्री झाल्यावर डिस्क क्लीनअप उघडून, सिस्टम फाइली साफ करण्याचा पर्याय निवडून मी तो काढला. एक्सप्लोररमधून हाताने तो फोल्डर पुसू नये. तात्पुरत्या फाइलींसाठी विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून रनची चौकट उघडावी आणि दोन टक्केचिन्हांच्या मध्ये टेम्प हा शब्द इंग्रजी लिपीत टाइप करावा. समोर येणाऱ्या फोल्डरमधील जे पुसले जाईल ते पुसावे, आणि जी फाइल वापरात असल्याचा संदेश येईल ती सोडून द्यावी.

येथे माझ्या हातून एक चूक झाली. स्टोरेजमधील तात्पुरत्या फाइलींच्या यादीत 'डाउनलोड्स' हाही पर्याय असतो. त्यावर आपोआप खूण केलेली नसते, पण घाईत मी ती केली. या मार्गाने काढलेल्या फाइली रिसायकल बिनमध्ये जात नाहीत. विम्याच्या पावत्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता आल्या, परंतु श्रावणबाळ योजनेचा अर्ज अर्धवट राहिलेल्या एका आजीबाईंच्या कागदांच्या प्रती गेल्या त्या गेल्याच. "मले पुन्हा दारव्ह्याले जा लागन का, बापू?" असे त्यांनी विचारले. त्यांना दुसऱ्या दिवशी मी माझ्या गाडीवरून तहसीलला नेऊन आणले, तरी त्या वयात त्यांना झालेला त्रास भरून निघाला असे मला म्हणता येत नाही. तेव्हापासून अपूर्ण अर्जांचे कागद मी डाउनलोड्समध्ये कधीच ठेवत नाही. डी ड्राइव्हवर त्यांचे वेगळे फोल्डर आहे.

काही गोष्टी मी जाणीवपूर्वक पुसल्या नाहीत. व्हिडिओ पाहून अनेक जण प्रीफेच फोल्डर रिकामे करतात, पण एखादा प्रोग्राम लवकर उघडावा म्हणूनच विंडोज एक्सपीच्या काळापासून ती माहिती साठवली जाते, आणि ती पुसल्यावर पुढच्या वेळी तो प्रोग्राम उलट उशिरा उघडतो. विंडोजचे स्वतःचे भाग ठेवणारे 'विन-एसएक्स-एस' फोल्डर मोठे दिसते म्हणून त्याला हात लावला तर विंडोजच बिघडू शकते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या मांडणीची नोंदवही, साफ करून देणाऱ्या प्रोग्रामांपासूनही मी दूरच राहतो, कारण त्यांच्या वापराला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. हायबरनेशनच्या, म्हणजे संगणक बंद होताना उघडे काम डिस्कवर जपून ठेवण्याच्या, फाइलने दीड गिगाबाइटच्या आसपास जागा घेतली होती, परंतु ती बंद केली की संगणक झटपट सुरू करणारी फास्ट स्टार्टअपची सोयही जाते, म्हणून ती राहू दिली.

एवढे केल्यावर सी ड्राइव्हवर 57 गिगाबाइट जागा मोकळी झाली आणि सहा मिनिटांची साडेचार मिनिटे झाली. मला अधिक अपेक्षा होती. उरलेला वेळ कोठे जातो हे पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळांनी टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा स्टार्टअपच्या यादीत प्रिंटरचे दोन सहायक प्रोग्राम, व्हिडिओ बैठकीचा एक प्रोग्राम आणि कधीच न वापरलेले आणखी काही प्रोग्राम आढळले. ते बंद केल्यावर वेळ तीन मिनिटांवर आला. अँटिव्हायरस आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची सेवा तेवढी सुरू ठेवली, कारण तिच्याशिवाय बोटांच्या ठशांवरून आधारची पडताळणी होत नाही.

त्यापुढचा फरक पुसण्याने पडणार नव्हता. दिवाळीनंतर हातात पैसे आले तेव्हा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली, आणि तोच संगणक आता अर्ध्या मिनिटात कामाला लागतो.

जुनी हार्ड डिस्क घ्यायला भंगारवाला तयार होता, पण मी ती दिली नाही. तिच्यावर वर्षानुवर्षांची आधार कार्डे, बँकेची पासबुके आणि सातबारे होते, आणि हार्ड डिस्कवरील फाइल पुसली की केवळ तिची नोंद जाते, तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो आणि जाणकाराला तो परत काढता येतो. म्हणून ती डिस्क बाहेरून जोडून फॉरमॅट केली आणि विंडोजमधील सायफर हा आदेश डब्ल्यू या पर्यायासह तिच्यावर चालवला. हा आदेश मोकळ्या जागेवर आधी सगळी शून्ये, मग सगळे एकाचे आकडे आणि शेवटी यादृच्छिक आकडे, असे तीन वेळा लिहितो. मध्येच लाइन गेल्यामुळे तो दोनदा पहिल्यापासून सुरू करावा लागला. तिसऱ्या रात्री मी केंद्रातच सतरंजी टाकून झोपलो, आणि पहाटे पडद्यावर काम पूर्ण झालेले पाहिल्यावरच ती डिस्क काढून कपाटात ठेवली.