चिरेखाणीत जिप्सी उतरवताना

मारुतीची जुनी जिप्सी घेतली तेव्हा डोक्यात मोॲब होतं. अमेरिकेतल्या युटामधलं हे वाळवंटी गाव. भोवताली तांबड्या वाळूखडकाचे डोंगर, आणि १९६७ पासून दर ईस्टरला तिथे जीपवाल्यांचा मेळा भरतो. घोड्यांचे लोखंडी नाल त्या खडकावरून सटकायचे, म्हणून त्याला नाव पडलं स्लिकरॉक, निसरडा खडक. रबरी टायर मात्र त्याच खडकाला घट्ट धरतो. मुंगीच्या चालीने भिंतीसारख्या चढावर जाणाऱ्या त्या गाड्या बघून मला वाटायचं, हे आपल्याला एकदा तरी यायला हवं.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे वाळवंट नसलं तरी दगड भरपूर, जांभा. पहिल्यांदा मनात सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आला, पण तो मी सोडला आणि सोडला याचं समाधान आहे. आमच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा तो प्रचंड हत्ती ज्याने पाहिलाय, त्याला उघड्या कातळावर चाक घालवणार नाही. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलेल्या जागांत कशेळी आहे, उक्षी आहे, बारसू आहे. पण यादीत नसलेली, मातीखाली झाकलेली चित्रं कुठे असतील ते कुणी सांगावं? शिवाय पावसाळ्यात बोटभर मातीत सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. तिथून एकदा गाडी गेली की माती गेलीच. किनाऱ्याचा तर प्रश्नच नव्हता. थंडीत कासवं अंडी घालायला येतात त्या वाळूत गाडी नेणं मला पटत नाही.

मग उरली चिरेखाण. पावस गावाच्या आतल्या बाजूला एक बंद पडलेली खाण होती. पावसाळ्यात तळं होतं, जानेवारीत कोरडी. मालकांकडे तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "जा, पण काजूच्या कलमांकडे चाक वळवायचं नाही, आणि आमच्या काकांना बरोबर घ्यायचं." काकांनी तीस वर्षं त्याच खाणीत चिरे काढलेले.

काका आले ते पहार घेऊन. मला वाटलं, गाडी अडकली तर उपयोगी पडेल म्हणून आणली असेल. त्यांनी मला गाडीत बसूच दिलं नाही. "आधी चालून बघ. दगड वाजव. टणटण बोलला तर चाक ठेव, बद्द बोलला तर खाली पोकळ आहे." पहिला अख्खा रविवार आम्ही खाण पायी फिरलो. जांभा वरून कडक दिसतो, पण आत भोकं असतात, कुठे शेडीचे, म्हणजे मऊ मातीचे थर असतात, आणि कापलेल्या टप्प्याची कड वजन आलं की बिस्किटासारखी तुटते. वाळलेल्या जांभ्यावर टायरची पकड फार चांगली, खरखरीत. सावलीत शेवाळ राहिलेलं असलं की तोच दगड साबण होतो. मोॲबचा खडक अख्खाच्या अख्खा एकसंध. आमचा दगड हातभर अंतरावर वेगळा बोलतो. गाडीत बसून हे कळणं शक्यच नव्हतं.

पुढच्या रविवारी गाडी आत घेतली. टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली. मऊ टायर दगडाच्या आकाराला वळतो आणि जास्त जागेवर टेकतो. फोर-लो लावला, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जास्त ताकद, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय बाजूला. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. क्लच दाबला की ती सुटते. अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, कारण चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग झटका देतं. मोठा दगड दोन चाकांच्या मधून घ्यावासा वाटतो, पण चाकच त्याच्यावर चढवायचं. जिप्सीच्या अ‍ॅक्सलचा गोळा सगळ्यात खाली असतो, मधला दगड नेमका त्याला लागतो.

वीतभर उंचीचे टप्पे दोन रविवारांत जमले. दोन वीत उंचीच्या टप्प्याने मात्र पाणी पाजलं. किंचित तिरकं घ्यायचं, म्हणजे एकेक चाक चढतं. मी जास्तच तिरका गेलो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत, आणि नेमकी तीच दोन गरगर फिरायला लागली. जिप्सीत डिफरन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र बांधणारी सोय, नाही, त्यामुळे जे चाक मोकळं त्यालाच ताकद मिळते. टेकलेली दोन चाकं गप्प उभी. मी ॲक्सिलरेटर दाबला तसे काका मोठ्याने ओरडले, "थांब! दगड खातोयस!" खरंच, टेकलेल्या चाकाखालची कड ढासळत होती.

इंजिन बंद केलं. हँडब्रेक लावला, खालच्या दोन्ही चाकांना चिऱ्यांचे तुकडे अडवून ठेवले. काकांनी ढिगातले चांगले वाजणारे तुकडे वेचून दिले. हवेतल्या मागच्या चाकाखाली मी ते एकमेकांत अडकवून रचले, पोकळी राहू दिली नाही. तासभर गेला. मग पुन्हा पहिला गिअर, पाय जवळजवळ न लावता. काका समोर उलटे चालत हाताने दाखवत होते, माझी नजर फक्त त्यांच्या हातावर. मागचं चाक रचलेल्या चिऱ्यांवर बसलं, पुढचं टेकलं, आणि गाडी इतकी सावकाश वर आली की काचेजवळची पाण्याची बाटलीही हलली नाही. मी खाली उतरलो तेव्हा गुडघे थरथरत होते. इतका आनंद मला गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

निघताना रचलेले सगळे तुकडे परत ढिगात टाकले, डांबरी रस्त्याला लागण्याआधी कॉम्प्रेसरने हवा भरली. उत्तरेकडची तीन टप्प्यांची बाजू अजून राहिली आहे. काका म्हणालेत, शिमग्यानंतर ती वाजवून बघू.