पऱ्हाटीची काडी

फोनवर त्या सिनेमाच्या डिरेक्टर पोराने मला 'वेपन्स कन्सल्टंट' म्हटलं तेव्हा हसूच आलं. अख्खी नोकरी जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. आम्ही त्याला कोत म्हणतो, आणि मला सगळे 'कोतवाले आबा'. रायफली मोजायच्या, नळ्यांना चिंधी मारायची, परेडहून परत आलेलं हत्यार खाली आहे की नाही ते बघायचं, हेच काम. रिटायर झाल्यावर कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

पण सिनेमा आमच्याच भागातल्या एका जुन्या खुनावर होता, आणि त्या खुनाच्या पंचनाम्याला मी हजर होतो. तेव्हा नवीनच होतो. साहेबांना हत्यारातलं कळणारा माणूस सोबत हवा होता, म्हणून मला जीपमध्ये मागे बसवून नेलं.

प्रकरण असं. कापसाचा सीझन. जिनिंगचा मुनीम पैशांची थैली घेऊन राजदूतवर निघालेला. चोपड्याच्या बाजूला, केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर चौघांनी अडवलं. एकाच्या हातात गावठी कट्टा. एक गोळी सुटली, मुनीम जागेवर गेला. पुढचं लोकांना खोटं वाटतं. कट्टा एका वेळी एकच राऊंड घेतो. गोळी सुटली की मागे उरलेली पितळेची पुंगळी फुगते, आणि ओबडधोबड नळीत कधी कधी अशी रुतून बसते की निघता निघत नाही. तो गडी केळीत शिरला आणि पळायचं सोडून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी घेऊन पुढून पुंगळी ढकलत बसला. काडी मोडली. दुसरी घेतली. तेवढ्यात सालदारांनी त्याला धरला. बाकीचे तिघे नंतर सापडले.

जागेवर पुंगळी नव्हती, कारण ती कट्ट्यातच होती. कट्ट्याच्या नळीला आतून आटे, म्हणजे गोळीवर खुणा उठवणाऱ्या पेचदार खाचा, नसतात, त्यामुळे शिशाच्या गोळीवरून 'याच नळीतली' असं सांगणं अवघड. पण पुंगळीच्या बुडावर पिनेचा ठसा उमटतो. मुद्देमाल मुंबईला कलिनाच्या लॅबला गेला, तिथे त्याच कट्ट्यातून चाचणीची गोळी झाडली, दोन ठसे शेजारी ठेवले, आणि जुळले. कोर्टात केस उभी राहिली ती त्या अडकलेल्या पुंगळीवर. हे मी त्या डिरेक्टरला फोनवरच सांगितलं. तो म्हणाला, "वा आबा, काय डिटेल आहे!"

सेटवर पोचलो आणि टेबलावर बघतो तर काळी चकचकीत 9 एमएम पिस्तुलं मांडलेली. डमीच, पण हुबेहूब. गुंडाच्या हातात ते. ठाण्याच्या गार्डच्या खांद्यावर एके-47. मी म्हटलं, भाऊ, आमच्या ठाण्यात तेव्हा .303 होत्या आणि .410 च्या मस्कटी. मस्कट म्हणजे एक राऊंड घाला, उडवा, परत घाला. आणि 9 एमएम तर परवाना काढूनही साध्या माणसाला मिळत नाही, प्रतिबंधित बोअर आहे. व्यापारी-बागायतदाराकडे असलीच तर .32 ची रिव्हॉल्व्हर. सातपुड्यातल्या चोराकडे हे कुठून आलं?

डिरेक्टर पोरगा चांगला होता, उलटून बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आबा, कट्टा स्क्रीनवर खेळणं वाटतो. प्रेक्षक घाबरत नाही." मी म्हटलं, मुनीम घाबरला होता. तो गप्प बसला, पण पिस्तूल बदललं नाही.

मग मी माझं काम सुरू केलं. दोन रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक, म्हणजे गोळीशिवाय नुसत्या दारूचे राऊंड, उडवायचे होते, त्यांचा माणूस मुंबईहून आला होता, कागदपत्रं घेऊन. तरी मी प्रत्येक नळीतून उजेड बघितला. डमी राऊंड कानाशी नेऊन हलवले. चांगल्या डमीत दारूच्या जागी छर्रा असतो, तो खुळखुळतो. आर्टवाली मुलगी कंटाळली. "आबा, सगळं चेक झालंय." तिला शूटिंगमध्येच गेलेल्या नटाचं, ब्रँडन लीचं सांगितलं. 1993 साल, अमेरिका. क्लोजअपसाठी केलेल्या डमीत दारू नव्हती, पण बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी जिवंत राहिली होती. तिच्या धक्क्याने शिसं नळीत सरकून अडकलं. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरली, आणि ब्लँकने ते शिसं बाहेर फेकलं. पोरगा अठ्ठावीस वर्षांचा होता. 2021 साली न्यू मेक्सिकोत तर डमींमध्ये चक्क जिवंत राऊंड निघाला आणि कॅमेरावाली बाई, हेलिना हचिन्स, गेली. मुलीने मग स्वतःच उरलेले राऊंड हलवायला घेतले.

दुपारी शेवभाजी झाली. भरीत सांगितलं होतं म्हणे, आलं नाही. मी लिंबाखाली जरा टेकलो होतो, तेवढ्यात सामान उचलायला लावलेला गावातला एक पोरगा आला. काखेत रुमालात काहीतरी. सकाळचं माझं बोलणं त्याने ऐकलं होतं.

"आबा, कट्टा पाहिजे होता ना? डमी आणलाय. नुसता शो."

हातात घेतला आणि माझा हात सावध झाला. वजन बरोबर होतं. नको तितकं बरोबर. लाकडी मूठ घामाने काळी पडलेली. आयुष्यभर पोरांना 'जांच शस्त्र' करायला लावलं, ते आपोआप झालं: तोंड जमिनीकडे, बोट बाहेर, उघडला. रिकामा होता. नळी आरपार मोकळी. पिन जागेवर. आणि वास. जळालेल्या दारूचा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

"तुले हाई कोठे भेटनं?" मी अहिराणीत विचारलं. मराठीत विचारलं असतं तर त्याने काहीतरी ठोकून दिलं असतं.

नातेवाईकाच्या घरी, कडब्याच्या गंजीत. दिवाळीला उडवतात म्हणे. याला वाटलं, शूटिंगला दिला तर पाचशे रुपये सुटतील.

तासाभराने तो कट्टा कुणीतरी कुणावर रोखून 'ॲक्शन'ला घोडा दाबणार होता. रिकामाच होता, मान्य. पण मी नसतो तर तो रिकामा आहे हे कोणी बघितलं असतं?

प्रॉडक्शनवाला हात जोडायला लागला. आबा, परत ठेवून येऊ द्या, शूटिंग बंद पडेल, पोराचं आयुष्य जाईल. पोराचं ऐकून मी खरंच थांबलो, खोटं कशाला बोलू. एकोणीस-वीसचं वय. पण परत ठेवायचा म्हणजे कुठे? गंजीत? मी ठाण्यात फोन लावला. आधी पोराला बसवून सांगितलं की जे आहे ते सगळं सांग, कोणाचा, कुठून. तो माझ्याकडे बघत होता ते मला आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

जमादार आले. आर्म्स ॲक्ट, कलम 3 आणि 25. सेटवरच पंचनामा. पंच व्हायला कोणी तयार होईना. शंभरेक माणसं, सगळ्यांना अचानक कामं निघाली. शेवटी फौजदाराचं काम करणारा नट पुढे आला आणि त्याने सही केली, अंगावर वर्दी, खांद्यावर दोन तारे. जमादार एकदा त्या ताऱ्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. कट्टा सीलबंद होऊन गेला.

पुढे त्या नातेवाईकावर केस उभी राहिली. पोरगा जामिनावर सुटला, तारखांना जातो. मला रस्त्यात दिसला तर रस्ता बदलतो.

सिनेमा आला तेव्हा नातवाने मोबाईलवर लावून दिला. माझं नाव शेवटी आहे, स्पेलिंग चुकलंय. मुनिमाचा प्रसंग आला. गुंडाने तेच काळं पिस्तूल काढलं, धडाधड सहा गोळ्या झाडल्या, पुंगळ्या हवेत उडाल्या, रस्त्यावर खणखणल्या. मग तो केळीत पळाला. खाली बसला, आणि माझं डिटेल वाया जाऊ नये म्हणून की काय, त्या पिस्तुलाच्या नळीत पऱ्हाटीची काडी खुपसायला लागला.

नातू माझ्याकडे वळला. "आबा, हा काय करतोय?"