खाजेच्या ट्यूबने नायटा दबतो, जात नाही

जांघेत गोल चट्टा उठला, खाज सुटली, की बहुतेक जण मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतात. हातात पडते ते बऱ्याचदा तीन-चार औषधांचं मिश्रण असतं: बुरशीवर क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल, सोबत निओमायसिन किंवा जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड. सगळा घोळ या स्टेरॉइडमुळे होतो.

स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत लाली आणि खाज उतरते, म्हणून ट्यूब लागू पडली असं वाटतं. पण त्याच वेळी त्या जागेची बुरशीशी लढायची ताकद दबलेली असते, आणि बुरशी आत निवांत पसरत राहते. ट्यूब थांबवली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन उठतो, मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. हळूहळू नायट्याची ठसठशीत कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळं दिसायला लागतात, आणि नुसतं बघून निदान करणं डॉक्टरांनाही जड जातं. जांघेतली कातडी मुळात पातळ, वर घाम आणि घट्ट कपडे, त्यामुळे औषध तिथे जास्त मुरतं. काही आठवड्यांतच ताणाचे लालसर पट्टे उमटू शकतात. ते पुढे फिकट होतात, पण पूर्ण जात नाहीत.

म्हणून ट्यूबवरचं नाव सोडा, बारीक अक्षरातले घटक वाचा. 'सोन'ने संपणारं नाव (बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन) किंवा क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल दिसलं, तर ती नायट्यावर लावू नका. लसूण, चुना, लिंबूही नको; भाजलेल्या कातडीवर उपचार करणं आणखी अवघड.

नुसत्या बुरशीचं मलम डॉक्टरांनी दिलं, तर ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी कडेकडेनेच पुढे सरकते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं बोटांसकट हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. तेवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस जाते. महिनाभर पुरली, तर मलम कमी पडतंय. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे लावायचं; बहुतेकांचं इथेच चुकतं.

घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचेही उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. टॉवेल, अंतर्वस्त्रं वेगळी ठेवा, गरम पाण्यात धुऊन उलटी करून कडक उन्हात वाळवा. ओली जीन्स अंगावर वाळवू नका.

टर्बिनाफाइन, इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या गोळ्या मनाने मुळीच घेऊ नका. टर्बिनाफाइनला दाद न देणारी बुरशी आता आपल्याकडे आहे, आणि इट्राकोनाझोलचं इतर अनेक औषधांशी जमत नाही; हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर धोका मोठा.

चेहऱ्यावर गोरेपणासाठी अशी स्टेरॉइडची क्रीम महिनोन्‌महिने लावत असाल, तर ती कशी बंद करायची ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. एकदम सोडल्यावर चेहरा लाल होऊन पेटतो. जाताना आजवर वापरलेल्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्या.