मका तणनाशक पचवतो, पण पंपात चार बाटल्या ओतू नका

मक्यात ॲट्राझीन हे तणनाशक मारलं की तण जळतं आणि मका तसाच हिरवागार उभा राहतो, हे गावात सगळ्यांना माहितीये, पण का ते फारसं कोणी सांगत नाही. औषध दोघांच्याही आत सारखंच शिरतं. फरक मक्याच्या आत आहे. त्याच्या पानात ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज नावाचं एंझाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) भरपूर असतं, ते ॲट्राझीनच्या रेणूवरचा क्लोरीन काढून तिथे ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक छोटा रेणू चिकटवतं, मग तो रेणू प्रकाशसंश्लेषण अडवू शकत नाही. तणाला हे एवढ्या झपाट्याने जमत नाही म्हणून ते मरतं. गव्हात मेटसल्फ्युरॉन हे तणनाशक चालतं ते पी४५० नावाच्या एंझाइममुळे.

आणि एंझाइमची ही दोन्ही घराणी आपल्या लिव्हरमध्ये पण आहेत! मला तर हे वाचलं तेव्हा भारीच वाटलं होतं.

मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचं बघा. शरीरात गेल्यावर पी४५० त्याचं मॅलाऑक्सॉन करतं, आणि खरं जालीम विष ते, नसांना लागणारं कोलिनएस्टरेज हे एंझाइम बंद पाडतं. किड्यात हेच होतं आणि किडा मरतो. आपल्या लिव्हरमध्ये मात्र कार्बोक्सिलएस्टरेज नावाचं एंझाइम असतं, ते मॅलॅथिऑन आधीच तोडून टाकतं आणि तुकडे लघवीवाटे बाहेर जातात. म्हणजे मॅलॅथिऑन माणसाला त्यातल्या त्यात कमी घातक, ते या एका एंझाइमच्या भरवशावर.

ते एंझाइम अडलं तर काय होतं ते १९७६ मध्ये पाकिस्तानात दिसलं. मलेरियासाठी मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७५०० कामगारांपैकी २८०० च्या आसपास लोकांना विषबाधा झाली, ५ जण गेले. पावडरीतच आयसोमॅलॅथिऑन तयार झालं होतं आणि ते नेमकं कार्बोक्सिलएस्टरेजच बंद पाडतं. उष्णतेत साठवण झाली की हे वाढतं, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेला डबा कृपा करून वापरू नका, पैसे गेले तर जाऊ देत.

आता औषधं मिक्स करण्याचं. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक सुद्धा आपण एस्टरेज गटातल्या एंझाइमनेच तोडतो आणि प्रोफेनोफॉस हे दुसरं कीटकनाशक तीच एस्टरेज अडवतं. किड्यावर हे कॉम्बिनेशन जोरात चालतं त्याचं एक कारण हेच, पण फवारणाऱ्याच्या अंगातही एंझाइम तीच आहेत ना. यवतमाळला २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली, त्याची कारणं बरीच होती, उंच वाढलेली कपाशी, अंगावर धड काही नाही, वगैरे, तरी त्यानंतरही पंपात तीन-चार औषधं बिनधास्त ओतली जातात हे बघून जीव तुटतो.

पिकालाही फटका बसतो. भात प्रोपॅनिल हे तणनाशक तोडतो ते एका एंझाइमच्या जोरावर, आणि जवळपासच्या दिवसांत ऑर्गॅनोफॉस्फेट (मॅलॅथिऑन, प्रोफेनोफॉस यातलेच) किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक मारलं तर ते एंझाइम अडतं आणि भातच करपतो. म्हणून दुकानदार काहीही म्हणो, लेबलवर सोबत चालतं असं लिहिलेलं नसेल तर एकत्र करू नका.

अजून एक, बायकांनी आणि आजी लोकांनी तर नक्की वाचा. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं विषारी रूप तोडणारं पॅराऑक्सोनेज हे एंझाइम लहान बाळाच्या रक्तात मोठ्या माणसापेक्षा बरंच कमी असतं. फवारून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला उचलू नये, आणि ते कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर भिजवू नका, वेगळ्या बादलीत धुवा.